विनंती थांबा

एकवीस वर्षं ह्या रस्त्यानं गेले
सकाळी सहा चाळीसच्या गगनबावडा गाडीनं,
डावी खिडकी, मांडीवर तपासायच्या वह्या.
तबस्सुम मुजावर कंडक्टर, मी पासवाली.
तिची घंटा, माझा लाल पेन,
आणि बाहेरचा रस्ता नुसताच मागं मागं जाणारा.

यंदा दोघीही घरी बसलो.
ती म्हणाली, "बाई, पंचावन्न किलोमीटरात
पोत्यानं तिकिटं फाडली मी,
पण मधी कुठं म्हणून उतरलो न्हाई बघा."

म्हणून ही माझी जुनी वॅगनार,
साठीत शिकलेला हात, क्लचवर चप्पल काढून पाय,
आणि नियम एकच:
गाडी जिथं कधी थांबली नाही, तिथंच थांबायचं.

बालिंग्याचा पूल मागं पडला. उसाच्या बैलगाड्यांमागं
रांगत रांगत पहिल्या थांब्याला पोचलो.
तिथं एक धोंडा आहे. खिडकीतून दिसायचा
घोंगडं पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.
मी त्याला मनात दौलूमामा म्हणायचे,
दहावीचा निकाल लागला की त्याला सांगायचे.
जवळून तो माणूस नव्हताच.
मागनं पोकळ, आणि पोकळीत कुणाचं तरी हळदकुंकू,
वाळलेली नारळाची वाटी.
माझ्याआधी कुणीतरी उतरलं होतं तर.
जरा रागच आला.

कळ्याच्या पुढं गुऱ्हाळ.
इतकी वर्षं नुसतं धुराडं बघितलेलं.
खाली चुलवाणाशी शिदबा नावाचा माणूस,
भुवया जळून गेलेल्या.
तबस्सुम काहीतरी बोलली आणि तो वळला,
"आवो, पुढं सरका, पुढं सरका, त्येच तुमी न्हवं?"
तोंड कधी बघितलं नव्हतं त्यानं, आवाज ओळखला.
उसाच्या कांडक्याला गुंडाळून गरम गूळ दिला.
पैसे घेतले नाहीत.
माझी कवळी त्यात अडकली, ते हसणं वेगळंच.

पळसंब्याला आत वळावं लागतं.
बोर्ड वाचून वाचून पाठ झालेला, वळण कधी घेतलं नव्हतं.
पायऱ्या उतरून ओढ्यात, झाडोऱ्याच्या गारव्यात
एकेक अख्खा धोंडा आतून कोरून
कुणीतरी खोल्या करून ठेवलेल्या.
मार्गशीर्षातलं पाणी, करंगळीएवढं,
त्यांना वळसा घालून जात होतं.
मी इतिहास शिकवायचे. तरी काही सांगता येईना.
तबस्सुम वाकून आत गेली, भिंतीला पाठ लावून बसली.
"सीटा किती हितं?"
"दोन."
"मग उभ्यानं कुणी न्हाई घ्यायचं."

बराच वेळ बसलो.
नवरा गेला तेव्हा तिनं चौथ्या दिवशी ड्युटी धरली होती.
मी तेव्हा पास दाखवला होता, फक्त पास.
आज सांगितलं तिला ते.
ती म्हणाली, "दिसला की तुमचा पास. मुदत संपली होती.
बोललो न्हाई मी."

मग पर्समधून पंच काढला,
डेपोत जमा करायचा राहून गेलेला,
जांभळाचं एक पान उचललं,
कटक.
"घ्या. परतीचं."

घाटाच्या तोंडापर्यंत पोचलोच नाही.
असळजच्या अलीकडे कठड्यावर भाकरी सोडली, खर्डा, कांदा.
कोकणाकडून धुकं वर येत असेल,
येऊ दे.
तेवढ्यात दुपारची गाडी आली.
डाव्या खिडकीशी एक पोरगी, नवीन मास्तरीण असावी,
मांडीवर वह्यांचा गठ्ठा.
तिनं आमच्याकडं बघितलं.
कठड्यावर दोन बायका, एकीच्या हातात पान.
काय नाव ठेवलं असेल तिनं आम्हाला?

गाडी क्षणभर मंदावली, खड्डा होता.
तबस्सुमनं तोंडातला घास न संपवता,
वर न बघता,
हात हवेत नेऊन दोरी ओढली.
टिंग टिंग.

गाडी गेली.