दहा, वीस, चार, पंधरा

साडेआठच्या फेरीने चोडणला उतरलो,
काखेत यंत्र. शाळेच्या वहीएवढं,
पाठीला आठ भोकं, आठ जुन्या फोनांसाठी,
आणि एक वेगळं, बाहेरच्या जगासाठी.

बार्ज दुरुस्तीचं आवार. घसरणीवर ओढलेली एक,
पोटाचा गंज खरवडत दोन माणसं.
ऑफिसात एस्पेरांसाबाई. त्यांच्यासमोर सोळा लायनींची पेटी,
जिचे अर्धे दिवे मेलेले
आणि उरलेले त्यांना बघावेही लागत नाहीत.
"ही काढणार?"
"हो."
"बरं," म्हणाल्या, आणि पेटीवरची धूळ पुसली.

यंत्राला कारखान्यातून आलेला एक पत्ता असतो,
सगळ्यांचा सारखाच.
माझा लॅपटॉप त्याच्याच वाड्यात नेऊन बसवला,
तेव्हा कुठे दार उघडलं.
आपोआप पत्ता घेणं बंद. कारण इथे
दर सकाळी नवा पत्ता घेणाऱ्याला
हाक कुठून मारायची?
स्थिर पत्ता: दहा, वीस, चार, पंधरा.
मास्क: दोनशे पंचावन्न, तीनदा, मग शून्य.
म्हणजे पहिले तीन आकडे जुळले तर तो गाववाला,
थेट हाक मार.
नाही जुळले तर धक्क्यावर जा,
पुढचं फेरीवाला बघेल.
तो फेरीवाला शेवटच्या रकान्यात लिहायचा असतो.

लिहिलं. सेव्ह दाबलं.
आणि पडदा गोठला.
दर वेळी गोठतो, तरी दर वेळी पोटात धस्स होतं:
यंत्र नव्या घरी गेलेलं,
मी मात्र जुन्या दारावर टकटक करत उभा.
लॅपटॉपचा पत्ता बदलला, पुन्हा शिरलो.
हिरवा दिवा.

घसरणीवरच्या पेटीत पुरसोचा फोन,
आतल्या कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं.
ते न मोडता तार जोडली.
स्टोअरमधून लावला. वाजला.
"आयकूंक येता?"
"येता, येता, व्हडल्यान उलयनाका."
गेट, मेस, क्रेन, सगळे एकमेकांशी बोलले.
फोंड्याच्या ऑफिसशी कोणीच नाही.
गावात गजबज, आणि पलीकडे
नुसतं पाणी.

तार तपासली. स्विच बंद करून चालू केला.
राउटरला नमस्कार करायचा तेवढा राहिला.
शेवटी रकाने मोठ्याने वाचत बसलो, स्वतःशीच:
"दहा, वीस, चार, पंधरा... गेटवे, दहा, दोन, चार, एक..."
"दोन नाही," एस्पेरांसाबाई म्हणाल्या.
मान वर न करता. वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या.
"सकाळी फोंड्याशी बोलताना वीस म्हणाला होता तुम्ही.
दहा, वीस, चार, एक."
एक शून्य राहिलं होतं.
यंत्रानेही मुकाट मान्य केलेलं,
की फेरी भलत्याच बेटावरून सुटते.

वीस केलं. तीन मिनिटांत फोंडा आला,
इतका स्वच्छ, की तिथल्या पंख्याची करकर
ऐकू आली.

मग नावं घालायची. भिंतीवरची यादी त्यांच्याच अक्षरातली.
एक, गेट. दोन, स्टोअर. पाच, पुरसो.
आठवं नाव झालं, भोकं संपली.
यादीत नववं नव्हतंच.
"बाई, तुमचा फोन?"
"माझा कसला? मला कोण फोन करी?
मी लोकांचे जोडायचे."
शेंगांची टरफलं त्यांनी कागदात बांधली.
मी दुसऱ्या कुठल्या तरी रकान्याकडे बघत राहिलो.

साडेपाचची फेरी. मोबाइल वाजला, क्रमांक आवारातलाच,
पाचवं भोक.
"पुरसोच्या पेटीतून बोलतंय," एस्पेरांसाबाई.
"माशी आत आहे, चावत नाही.
ऐका. दहा, वीस, चार, पंधरा. पाठ झाला.
उद्या पेटीवाला भंगार न्यायला आला तर त्याला म्हणावं..."
फेरीचा पत्रा साखळ्यांवर वर चढू लागला,
आणि पुढचं काही
मला ऐकू आलं नाही.