अर्थ

दुपारी दोनला झुवैना बाई आल्या,
गाडी चालवतच आल्या, पण खांदे ढकलून आणल्यासारखे.
"चौकात गाढवासारखी अडली," म्हणाल्या, "चाकच वळेना."
डॅशबोर्डवर पिवळं स्टिअरिंग, शेजारी उद्गारचिन्ह:
गाडीला काही सांगायचंय
आणि नेमका शब्द आठवत नाही.

एजन्सीनं सांगितलंय, अख्खा रॅक बदला.
नऊशे रियाल. पार्ट बोटीनं येणार, दीड महिना.
बाई शाळेत भूगोल शिकवतात.

मी बोनेट आधी उघडत नाही,
आधी चाक धरतो.
जड होतं. मधेच हलकं, पुन्हा जड,
आजारातून उठलेल्या माणसाच्या हातासारखं.

वादी कबीरचे डोंगर दुपारी सगळी आग गॅरेजात ओततात.
शफीउल पंखा माझ्याकडे वळवतो,
मी गाडीकडे.
स्कॅनरनं कोड दिला: व्होल्टेज कमी.
हसूच आलं. पोटात साडेतीनशे व्होल्टची कणगी,
ऐंशी टक्के भरलेली,
आणि स्टिअरिंगच्या मोटरला बारा मिळेनात.
म्हणजे घरात पोत्यानं तांदूळ
आणि चिमूटभर मिठावाचून पानं खोळंबलेली.

नारिंगी केबलला हात लावायचा नाही
हे शफीउलला रोज सांगतो.
आजही सांगितलं.

छोटी बॅटरी तपासली. सात महिन्यांची, ठणठणीत.
लोड टाकला, डगमगली नाही.
म्हणजे देणारा देतोय.
वाटेत कोण खातंय?

बाबा हर्णैला तांडेल होते.
सुकाणू जड झालं की म्हणायचे,
दर्याला शिव्या नको घालू,
आधी खिळ्यावरनं हात फिरव.

मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला,
दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडाला.
गाडी चालू. शफीउल, फिरव चाक.
इथं शून्य हवं, नाहीतर शून्याच्या आसपास.
दोन पॉइंट एक.
अजून फिरव.
तीन पॉइंट चार.

अर्थ सुटला होता.

आमच्याकडे वायरमन असंच बोलतात:
अर्थ मिळत नाही, अर्थ तपासा, अर्थाला गंज धरलाय.
बोलतात आणि पक्कड मागतात.
मीही एकोणीस वर्षं तसंच बोलत आलो.

गाडी बंद, निगेटिव्ह सोडली,
डाव्या चाकाच्या वर, प्लॅस्टिकच्या आड,
दहा नंबरचा बोल्ट.
पांढरा, पोपटी, फुललेला.
बाई सीबला राहतात, गाडी रात्रभर समुद्राकडे तोंड करून.
मीठ कमी नव्हतं.
मीठच होतं.

बाईंना हिंदी थोडी, मला अरबी कामापुरती.
"अर्थ," म्हटलं, बोल्ट दाखवत.
त्यांनी चपलेनं जमिनीवर टकटक केलं:
"अर्द?"
"हो. अर्द. अर्थ."
शफीउल म्हणाला, "माटी."
तिघं थोडा वेळ सिमेंटकडे बघत राहिलो,
तिथं ऑइलचा डाग होता.

पॉलिशपेपर, तारेचा ब्रश,
लोखंड उजळेपर्यंत घासलं.
नवा बोल्ट, वरून ग्रीस.
बॅटरी जोडली, चाक एकदा डावीकडे टोकापर्यंत,
एकदा उजवीकडे टोकापर्यंत,
मग मध्ये आणून सोडलं.
तिला तिचा मध्य पुन्हा शिकवावा लागतो.
पिवळं चाक विझलं.
मीटर: शून्य पॉइंट शून्य तीन.

रुवीच्या चौकाला दोन फेऱ्या मारल्या,
एका बोटानं.
दुसऱ्या फेरीची काही गरज नव्हती.

परतलो तर बाई विचारतायत, तुझं घर कुठं?
हर्णै म्हणणार होतो.
तोंडातून निघालं, इथं मागच्याच गल्लीत,
पाण्याच्या टाकीजवळ.
दोन्ही खरं आहे.
मीटर लावून बघायला हवं
कुठल्या टोकाला किती गळतंय.

बिलबुकात लिहिलं:
अर्थ साफ केला. मजुरी आठ रियाल.
पार्ट: बोल्ट एक.
बोल्टाचे पैसे लावले नाहीत.
जुना शफीउलनं खिशात टाकला,
का, ते विचारलं नाही.