गोड वास

आण्णांनी चाळीस वर्षं सोनं गाळलं
कोइमतूरच्या एका बोळात.
विट्याला परतले तेव्हा बोटांचं कातडं वहाणेसारखं झालेलं.
तेजाबाच्या धुरातून नाक कसं वाचलं, देव जाणे.

माझी स्कूटर विजेची. लेंगऱ्याच्या शाळेत रोज जाऊन-येऊन.
रात्री बॅटरी घरात आणायची,
पुढच्या दाराशी, चपलांच्या फळीखाली,
काथ्याच्या पायपुसण्यावर ठेवायची.
जुना चार्जर भिजला म्हणून बाजारातला घेतला;
पिन बसली, दिवा लागला, एवढं पुरे वाटलं.
श्रावणात वळणावर घसरले होते.
माझं कोपर खरचटलं, खोक्याला पोचा आला.
कोपराला मलम लावलं.

रात्री दोनला आण्णा उठून बसले.
"गोड वास येतोय."
नेलपॉलिश उघडं राहिलं असेल, मी म्हटलं.
"तेजाब न्हाई. टाकणखार न्हाई.
ह्यो माझ्या वळखीचा न्हाई."
आणि ओळखीचा नव्हता म्हणूनच उठले.

मेन स्विच खाली.
स्वरांजलीला झोपेतच उचललं, मागच्या दारानं बाहेर,
कारण पुढच्या दारात तीच बसली होती,
एका कुशीला फुगलेली, गरम, गप्प.
मी हात पुढे केला. त्यांनी मनगट धरलं.
माळ्यावरून मूस उचलायची लांब सांडशी काढली,
शेजारच्या बांधकामाच्या वाळूत तिला नेऊन ठेवलं
आणि वीस पावलांवर उजाडेपर्यंत उकिडवे बसले.

पेटली नाही. हे सांगायला हवं.
सकाळी वाळूत नुसतं फुगलेलं काळं खोकं,
लोकांना दाखवावं असं काहीच नाही.
दुकानातल्या इर्शाद मुजावरनं तिच्या टोकांवर चिकटपट्टी मारली.
"कचऱ्यात टाकू नका मॅडम,
ही मेलेली नाही अजून."

आता नवी आहे. तिचाच चार्जर.
ओसरीत, शहाबादी फरशीवर, पडद्यापासून लांब.
उन्हातून आले की आधी ती निवते,
मग वायर. झोपायच्या आत काढायची.

आण्णा समोर खुर्ची टाकतात.
"सोनं बरं," म्हणतात,
"लाल हुतं, पिवळं हुतं, सांगून वितळतं.
हिला तोंडच न्हाई."
टक्के त्यांना दिसत नाहीत, चष्मा कुठंतरी असतो.
चारातली चौथी दांडी लुकलुकायला लागली
की आत हाक येते,
भट्टीवरच्या पोराला मारायचे त्याच सुरात:
"बास. उतरव."