किल्ली

हॉल रात्री नऊला बंद, असा नियम.
दस्तगीरचाचांनी वही सरकवली :
सही कर, झाडून जा, पंखे बंद.
आणि किल्ली माझ्याच हातावर.

तालीम साडेअकरापर्यंत.
सन्मती तेच वाक्य विसरायचा, रोज.
खिडकीतून यार्डातल्या हळदीचा वास,
नाटकात नसलेला.

चौकातला फलक म्हणतो :
तरुणांनो, सांगली तुमचीच!
त्याच्याखालीच उभी राहून
मी पुण्याची बस पकडली. सोमवारी मुलाखत.

पेठनाक्याला गाडी थांबली.
सुट्टे शोधताना पर्समध्ये
बोटांना गार लोखंड लागलं.
सात वाजता कुलपापाशी
बाराजण उभे राहणार,
चाचा मलाच फोन लावणार.

उतरले.
परतीच्या लाल डब्यात जागा नव्हती,
उभ्यानं आले.
मुलाखतीचं काय,
ते आईला अजून सांगायचंय.