चौथा पर्याय

लॅमिंग्टन रोडवरचा सेकंड हँड कन्सोल
आणि घासाघीस संपावी म्हणून दुकानदाराने वर टाकलेले दोन खेळ.
प्रतीक्षानगर, नववा मजला, लिफ्ट बंद.
खोकं भाऊंनी उचललं. मधे दोनदा टेकले,
म्हणाले, दमलो नाही, हात बदलतोय.

(वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो.
वडाळा डेपोत चौतीस वर्षं ब्रेक बसवले त्यांनी.)

पहिल्या खेळातली लढाई अशी
की ढाल उचलायला पापणीएवढा उशीर झाला तरी मेलात.
दगडी राक्षसाने भाऊंना सतरा वेळा मारलं.
अठराव्या वेळी म्हणाले, थांब,
हात उगारायच्या आधी त्याचा उजवा खांदा खाली जातो.
लायनर झिजलं की आधी आवाज देतं, तसं.
आणि पाडला.

पण गावातला लोहार आधीही म्हणत होता, हवा बरी आहे आज,
राक्षस पडल्यावरही, हवा बरी आहे आज.
त्याचं पोर नेलं होतं राक्षसाने.
भाऊंना त्यात काही वाटलं नाही.
मला झोप आली नाही.

दुसऱ्या खेळात तलवार म्हणजे गादी झोडपणं,
लागली कळत नाही, हुकली कळत नाही.
पण तिथे ओढ्याकाठी एक शेकोटी आहे
आणि तिच्याभोवती बसलेली माणसं, विचारलं तर बोलणारी.
ईवरा, जी स्वतःच्या गावाचं नाव उच्चारत नाही.
ओदार, म्हातारा भालेकरी, रोज भाला पुसतो, वापरत नाही.

प्रत्येक बोलण्याला चार उत्तरं.
मी इंग्रजीचं मराठी करून सांगायची, बटण भाऊंचं.
एक : तुझं काय झालं ते सांग.
दोन : होतं असं.
तीन नेहमी काहीतरी पाचकळ.
चार : काही न बोलता निघून जा.

भाऊ चार.
दर वेळी चार.
अहो भाऊ, तो बदामाचा रकाना रिकामाच राहिलाय बघा.
मग माझी लेव्हल कशी वाढली?
मारून.
झालं तर.

मग आम्ही भांडलो, जेवण गार होईपर्यंत.
ते म्हणाले, माणूस वार कसा चुकवतो त्यावरून कळतो,
बोलायला काय, कंडक्टरही बोलतो.
मी म्हटलं, सतरा वेळा मरून तुम्ही शिकलात,
तो पडद्यावरचा नाही, त्याची नुसती तलवार मोठी झाली.
भाऊंनी आमटीत पोळी बुडवली,
मग अठराव्या वेळी मारलं कोणी, म्हणाले.

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

आई गेली त्या दुपारी
भाऊ खाली स्कूटरचा प्लग साफ करत होते.
लोक वर येत होते, त्यांच्या बाजूने, जिना चढत.

परवा रात्री दोनला जाग आली.
टीव्हीचा आवाज बंद, भिंत निळी.
भाऊ चष्मा कपाळावर ढकलून
मोबाईल पडद्यासमोर धरून उभे,
भाषांतराचं ते ॲप.
ओदार काहीतरी लांबलचक बोलला होता
आणि मोबाईलवर उमटलं होतं :
माझी पत्नी हिवाळ्यात समाप्त झाली.

भाऊ हसले. खांदे हलले, आवाज नाही.
मग खाली बसले.
बाण चौथ्यावर होता.
तिसऱ्यावर आला. परत चौथ्यावर.
दुसऱ्यावर.
राक्षसाचा खांदा ज्यांना पापणीएवढ्या वेळात दिसतो
त्यांना इथे चार मिनिटं लागली, मी घड्याळ पाहिलं,
आणि बटण दाबायच्या आत मी आत जाऊन पडले.
बघणं बरं दिसलं नसतं.

सकाळी खेळ लावला तर सगळं परवाचंच.
हा खेळ आपला आपण सेव्ह होत नाही, मी म्हटलं,
तुम्हाला सांगायचं राहिलं.

भाऊ खिडकीशी.
म्हणजे तो परत तेच सांगेल?
हो. शब्दन् शब्द तेच.
बरं आहे, म्हणाले,
आणि चहाचा कप
डाव्या हातातून उजव्यात घेतला.