लापानेन

डॉक्टर तरुण आहे, माझ्या नातवाहून धाकटा.
आधी तारीख विचारली, मग घड्याळ काढायला लावलं,
मग शंभरातून सात-सात वजा करत खाली उतरायला.
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी.
उतरले. बेकरीच्या गल्ल्यावर तीस वर्षं गेलीत माझी.
तेव्हा म्हणाला, इर्या, तुमची पहिली आठवण कोणती?

एक बटण, मी म्हटलं.
तपकिरी, चार भोकांचं, अगदी डोळ्यांसमोर.
म्हणजे कुणाच्या तरी कोटाला मी चिकटले असणार.
कोट कुणाचा, ते बटणाला ठाऊक.

बाकीचं सगळं तायस्तोचं आहे.
माझा भाऊ. तो तेव्हा सात वर्षांचा,
मी तीन आणि वर थोडी.
औलूचं स्टेशन त्याचं, गाडीत अंथरलेला पेंढा त्याचा,
गळ्यातला पुठ्ठ्याचा बिल्ला, बिल्ल्यावरचा आकडा,
आई फलाटावर रडली नाही, हेही त्याचंच.
हापारांदाला सगळ्या पोरांना वाफेच्या न्हाणीत घातलं,
उवांसाठी केस उतरवले.
तायस्तो सांगतो म्हणून उतरवले.

इतक्यांदा सांगितलं त्याने
की मला ते दिसायला लागलं.
आणि एकदा भांडी विसळताना लक्षात आलं,
त्यात मी दिसते ती पाठमोरी, लाल टोपीत.
आपली पाठ आपल्याला दिसते का कधी?

पुढे हिल्दुर आणि ऑल्गोत, तापलेलं दूध, पांढरी गादी,
आणि नवी भाषा.
जुनी माझ्या तोंडातून दुधाच्या दातांसारखी गेली,
आधी एक शब्द, मग शेजारचा.
कुणी ते छपरावर फेकले नाहीत.
सहा महिन्यांत झोपेतसुद्धा स्वीडिश बरळत होते, म्हणे.

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात एक बाई आली.
टेबलाशी बसली, कॉफीला हात लावला नाही.
माझ्याकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलली.
मी हिल्दुरच्या पाठीमागे.
तायस्तो मधे उभा, दोघींचा दुभाषी,
नऊ वर्षांचा.
त्याने त्या दिवशी सगळं खरं भाषांतर केलं का,
हे मी त्याला कधी विचारलं नाही.
तो तिच्याबरोबर गेला. मी राहिले.
मोठेपणी कारखान्यात कामाला तोही इकडेच आला,
आणि दर नाताळला, दुसऱ्या पेल्यानंतर, स्टेशन.

सगळ्यांचंच होतं हे, डॉक्टर म्हणाला,
समजूत घालतात तशा आवाजात.
लहानग्या मेंदूत नव्या पेशी इतक्या भराभर उगवतात
की जुन्या पायवाटा बुजून जातात.
शिवाय शब्द नसले, की आठवणीला धरायला मूठ नसते.
मी म्हटलं, मला शब्द होते.
त्याने काहीतरी टिपून घेतलं.
कोरी पाटी म्हणतात लोक.
कोरी आणि पुसलेली यात फरक असतो की नाही?
पुसलेलीला ओला वास येतो.

परतताना बसमध्ये, पुलावर,
तोंडात एक शब्द आला. आतून, कुणी न विचारता.
लापानेन.
दोन दिवस मी तो तोंडात घोळवत होते.
वाटलं, कुणाचं तरी नाव असावं,
मावशीचं, कुत्र्याचं, शेजारच्या पोरीचं.
तायस्तोला विचारायचं, तर त्याला जाऊन तीन हिवाळे झाले.
जाताना स्टेशनही घेऊन गेला.

शेवटी जिना पुसायला येते त्या तुओवीला विचारलं.
ती तिकडचीच, सीमेपलीकडची.
फडकं पिळता पिळता हसली.
हातमोजा, आजी.
बोटांचा नव्हे, नुसता अंगठा सुटा असतो ना, तो.
एवढंच?
एवढंच.

कुणाचा, कुठल्या हाताचा, हरवला की विणला,
त्यापुढे काही नाही. मी वाट पाहिली.
आता जुलै आहे, रात्रीसुद्धा ऊन असतं,
तरी चालताना माझा डावा हात खिशात जातो
आणि अंगठा बाहेर राहतो.