ब्लोअर

एकवर ठेवला तर खरडतो,
दोनवर कण्हतो,
तीनवर टाकला की वाटतं
डॅशबोर्डमागे बसून कुणीतरी
पत्र्याच्या डब्यात चिंचोके घालून हलवतंय,
जुना राग असल्यासारखं.
चारवर मी कधी गेलोच नाही.

इरफान पिंजारीनं कान लावला,
म्हणाला, मोटर गेली. साडेतीन हजार.
म्हटलं, आपली थंडी दीड महिन्याची,
तेवढ्यात दोन घोंगड्या येतील.
तो म्हणाला, घोंगडी पांघरून
गेअर टाकून दाखवा.

दोन हिवाळे असेच काढले.
पहाटे चारला नंदुरबार सोडायचं,
मागे मिरचीची पोती, वर ताडपत्री,
पुढे काचेवर आपल्याच श्वासाचं धुकं.
ते जायला तरी हीटर लागतो,
आणि लावला की आधी ठसका.
पिकअपच्या फटीफटीत मिरचीचा खकाणा,
गरम हवेबरोबर पहिला तोच बाहेर येतो.
डोळे पुसत गाडी चालवणारा माणूस
दुःखी असेलच असं नाही.

दिवाळीला जिग्नेश सुरतहून आला
तो परत गेला नाही.
बॅग खाटेखाली सरकवली
आणि माझ्या शेजारी येऊन बसला, हमालीला.
मी विचारलं नाही.
त्या खडखडाटात विचारणार तरी कसं,
ओरडून विचारायची गोष्ट नव्हती ती.
दोघांनाही बरं होतं.
डिझेल, टोल, चहा,
एवढे शब्द त्या आवाजावरून पलीकडे जायचे.

काल रविवारी उठून बघतो तर
हा गाडीत उलटा पडलेला,
पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च.
खण काढून अंगणात ठेवलेला,
तीन स्क्रू परातीत.
मोटर खाली ओढली तसा
भसकन घरटं पडलं त्याच्या छातीवर:
मिरचीचे देठ, बिया, सुतळी,
माझ्या हिरव्या मफलरची लोकर,
आणि वजनकाट्याच्या पावत्या, बारीक कुरतडलेल्या.
एका तुकड्यावर नुसतं ‘निव्वळ’ उरलेलं,
पुढचा आकडा खाल्लेला.
उंदरीण कधीच निघून गेली होती.

पंखा पिंजऱ्यासारखा गोल.
त्याचं एक पातं मोडलेलं.
जिग्नेशनं ते न्याहाळलं,
मग पक्कड घेऊन
बरोबर समोरचं, चांगलं पातं
कट्‌कन तोडलं.
मी ओरडलोच.
तो शांतपणे म्हणाला,
एक गेलं की समोरचंही काढावं लागतं,
नाहीतर फिरताना डोलतो.
लूमवर शिकलो.

दोन महिन्यांत सुरतचं हे पहिलं वाक्य.

आईच्या शिलाई मशीनचं तेल,
बुशमध्ये दोन थेंब.
एक स्क्रू उरला.
तो कुठला, हे दोघांनाही कळेना.
ठेवला गणपतीपुढे, डॅशबोर्डवर.

आज पहाटे एकवर टाकला,
काही नाही.
दोन, तीन.
चारवर पहिल्यांदा.
नुसता वारा, गरम,
पायांवर, गुडघ्यांवर, आणि जरासा ठसका.

आणि मग ऐकू यायला लागलं बाकीचं.
मागच्या फाळक्याची साखळी.
पाण्याचा कॅन.
माझ्या छातीतली शिट्टी.
जिग्नेशचं बोटं मोडणं, एकेक करून, दहाही.
गाडीत इतकी जागा आहे
हे मला माहीतच नव्हतं.

दोंडाईचा अजून बारा किलोमीटर.
मी ब्लोअर एकवर आणला,
पुढच्या रस्त्याकडे बघत म्हणालो,
‘सुरतमा काय व्हयनं?’

तो काच पुसत राहिला.
काच स्वच्छ होती.

‘दोंडाईचं येऊ दे,’ म्हणाला, ‘सांगसू.’
थोड्या वेळानं म्हणाला,
‘ती साखळी वाजते. तिला रबर लावू.’